एका बोअरचं इस्टिमेट: आमच्या कारखान्याच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. चेअरमनसाहेब, व्हाइस चेअरमनसाहेब आणि सर्व संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

कारखान्याचं नाव या पत्रात लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना चार ओळींत कळेल. बाकीच्यांनी आपापल्या कारखान्याचं नाव घालून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही.

यंदाच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवरचे अकरा विषय 'मंजूर, मंजूर'च्या गजरात बावीस मिनिटांत संपले. मग 'ऐनवेळच्या विषयां'त बारावा आला. डिस्टिलरीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता जमिनीत खोल, कायमचा गाडायचा. त्यासाठी कारखान्याच्या आवारात खोल विहीर मारायची. आणि या कामासाठी येत्या हंगामापासून ऊसबिलातून टनाला २५ रुपये बिनपरतीची ठेव म्हणून कापायचे. मागच्या रांगेतून मी हात वर केला होता. माइक माझ्यापर्यंत यायच्या आत राष्ट्रगीत सुरू झालं. उभा राहिलो. ते संपलं तेव्हा निम्मी सभा जेवणाच्या मांडवाकडं निघाली होती. म्हणून हे पत्र, आणि ते उघड, कारण पैसे माझ्या एकट्याचे कापले जाणार नाहीत.

मी आपला 'अ' वर्ग सभासद. तीन एकर ऊस, साधारण सव्वाशे टन. म्हणजे माझे वर्षाला तीन हजारांच्या वर जाणार. तेवढ्यानं मी बुडत नाही. पण माझी सव्वीस वर्षं एका तेल कंपनीत गेली आणि त्यातली बरीचशी गुजरातेत, अंकलेश्वर-मेहसाण्याकडं, विहिरींच्या खोदाईची अंदाजपत्रकं करण्यात. जमिनीखालच्या कामाचा खर्च आधी सांगणं हीच माझी भाकरी होती. या प्रकल्पासाठी नेमलेल्या सल्लागाराच्या अहवालाला खर्चाचं एक पानी इस्टिमेट जोडलंय, ते मी तीनदा वाचलं आणि मला माझाच एक जुना कागद आठवला. त्याचं पुढं सांगतो.

आधी एक गोष्ट, म्हणजे 'हा आडवा येणारा माणूस' असा शिक्का बसायला नको. कल्पना वेडगळ नाही. मळीचं किंवा रसाचं फर्मेंटेशन होताना एक लिटर इथेनॉलमागं साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपली डिस्टिलरी दिवसाला ६० हजार लिटरची, म्हणजे रोज ४५ टन. बॉयलरच्या धुरात हा वायू इतर वायूंमध्ये कालवलेला असतो, टाकीतून मात्र तो जवळजवळ शुद्ध निघतो. धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणं हाच अशा बहुतेक प्रकल्पांतला सगळ्यात महाग भाग. आपल्याला वायू फक्त वाळवायचा आणि दाबायचा आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डेकॅटरला मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा सुमारे १० लाख टन वायू २०११ ते २०१४ या काळात २,१०० मीटरच्या आसपास वालुकाश्मात सोडला गेला. नॉर्थ डकोटातला एक इथेनॉल कारखाना २०२२ पासून हेच करतोय. नॉर्वेच्या समुद्राखाली स्लाइपनरला तर १९९६ पासून चालू आहे. तेव्हा 'वायू खाली राहील का' असं विचारणाऱ्यांतला मी नाही. माझं भांडण त्या पानावरच्या आकड्याशी आहे.

तो आकडा कोटीत आहे आणि दशांशचिन्हापुढं दोन घरं आहेत. मी तो इथं मुद्दाम लिहीत नाही. आकडा एकदा छापला की त्याला पाय फुटतात आणि मग सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. हे मला कसं माहीत? १९९८ सालची गोष्ट. मेहसाण्याला एका संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला: नव्या जागेवर विहीर घ्यायची आहे, सकाळी वर आकडा कळवायचाय. त्या जागेचा सर्व्हे अर्धाच झाला होता. मी शेजारच्या विहिरीचा खर्च घेतला, खोली जेवढी जास्त तेवढ्यानं गुणला, वर महागाई घातली आणि सांगून टाकला. 'अंदाजे' म्हणालो होतो. सकाळपर्यंत 'अंदाजे' गळून पडलं आणि आकडा तेवढा दिल्लीला पोचला. पुढं त्या विहिरीत एका भेगाळ थरात मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात तो चिखल, गडप व्हायला लागलं, अकरा दिवस रिग, म्हणजे खोदाईचं यंत्र, नुसती उभी राहिली, आणि खर्च पावणेदोन पटीवर गेला. चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला: आकडा तुमचाच ना? होता माझाच.

त्यानंतर मी कधी एक आकडा सांगितला नाही. कमीत कमी एवढा, जास्तीत जास्त एवढा, आणि हे-हे खरं निघालं तर मधला, अशीच मांडणी केली. हे माझं डोकं नव्हे. अमेरिकेतल्या एएसीई या खर्च-अभियंत्यांच्या संस्थेनं अंदाजपत्रकांचे पाच वर्ग पाडलेत. पाचवा सगळ्यात कच्चा. प्रकल्पाची आखणी शून्य ते दोन टक्केच झालेली असते तेव्हाचा. अशा वेळी खरा खर्च सांगितलेल्या आकड्याच्या २० ते ५० टक्के खाली किंवा ३० ते १०० टक्के वर जाऊ शकतो असं गृहीत धरतात. आणि ही वर्गवारी जमिनीवरच्या कारखान्यांसाठी केलेली आहे, जिथं यंत्र डोळ्यांना दिसतं. आपल्या पानावर काय लिहिलंय? 'आकस्मिक खर्च: ५ टक्के'. हे पाच टक्के समाजमंदिराच्या इस्टिमेटमधून आलेत, दुसरीकडून कुठून येणार?

ही झाली पहिली तक्रार. दुसरी जास्त गंभीर आहे आणि ती समजायला इंजिनिअर असायची गरज नाही.

१९९२ ला वडिलांनी मळ्यात बोअर मारली. पाणाड्या हातावर नारळ उभा करून जागा दाखवून गेला. एजंटानं फुटाचा भाव सांगितला. वडिलांनी वहीत लिहिलं, ३०० फूट गुणिले भाव. केसिंगचे पैसे वेगळे, हे गाडी मळ्यात आल्यावर कळलं. तीनशेच्या खाली फुटाचा भाव चढतो, हे तीनशेवर कळलं. साडेचारशेला नुसता धुरळा उडत होता. मग दुसरी जागा, दुसरी बोअर, तिला पाणी लागलं. पुढं आयुष्यभर कुणी विचारलं की वडील दुसऱ्या बोअरचा खर्च सांगायचे. पहिलीचा आकडा ते गेल्यावर त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला सापडला.

तुमच्या इस्टिमेटमध्ये फक्त दुसरी बोअर आहे.

कार्बन साठवणुकीचा खर्च पाच टप्प्यांत मांडतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या नॅशनल एनर्जी टेक्नॉलॉजी लॅबोरेटरीनं खाऱ्या पाण्याच्या खोल थरांतल्या साठवणुकीसाठी खर्चाचं जे प्रारूप केलंय, त्यातही असेच टप्पे आहेत. आधी अनेक जागांची चाळणी. मग निवडलेल्या जागेचा कसून अभ्यास. मग परवाना आणि बांधकाम. मग वायू सोडण्याची वर्षं. आणि शेवटी विहीर बंद केल्यानंतरची देखरेख. आपल्या पानावर यातला तिसरा आणि चौथा टप्पा आहे. पहिले दोन नाहीत, पाचवा नाही.

पहिल्या दोन टप्प्यांत पैसे कशाला लागतात ते सांगतो, कारण सभेत एका संचालकांनी 'सर्व्हे काय, फुकटात होतो' असं म्हटल्याचं मला नंतर कळलं. जुने नकाशे आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या नोंदी गोळा करणं स्वस्त आहे, हे खरं. त्यानंतर खालच्या थरांचं चित्र काढायला भूकंपलहरींचा सर्व्हे लागतो, आणि बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, थरांतून ते चित्र धूसर येतं, ही आमच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी. मग निव्वळ तपासणीसाठी एक विहीर. तिच्यातून खडकाचे गाभे काढायचे, प्रयोगशाळेत तपासायचे, थराथरात पाणी दाबून तो थर किती पितो ते बघायचं. आजूबाजूच्या विहिरी-बोअरच्या पाण्याची आजची तपासणी करून ठेवायची, म्हणजे उद्या कुणी 'पाणी बिघडलं' म्हणालं तर ताडून बघायला काही हवं. एवढं झाल्यावर उत्तर 'जागा चालणार नाही' असंही येऊ शकतं. समजा तपासणीला एक रुपया लागतो आणि तीन जागांतली एकच पास होते. मग पास झालेल्या जागेच्या डोक्यावर तपासणीचे तीन रुपये बसतात. ज्या इस्टिमेटमध्ये नापास जागांचा खर्च नाही, ते चाळणीच न केल्याचं लक्षण.

आणि तपासणी करूनही गाडी घसरते. नॉर्वेच्या स्नोव्हीत प्रकल्पात २००८ ला वायू सोडायला सुरुवात झाली. थरातला दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढला आणि त्यांना वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. अल्जीरियात इन सालाहला २००४ पासून सुमारे ३८ लाख टन वायू खाली गेल्यावर, वरच्या झाकणाच्या खडकाबद्दल शंका आली म्हणून २०११ ला काम थांबवलं. यामागं मोठमोठ्या तेल कंपन्या होत्या, हाताशी बक्कळ सर्व्हे होते. आपल्यामागं एक पान आहे.

तिसरी तक्रार खडकाची. इथं मी थोडा लांबण लावणार आहे, कारण खर्चाची खरी मेख इथंच आहे.

इस्टिमेटच्या तळाशी बारीक टायपात 'आंतरराष्ट्रीय सरासरी दरांनुसार' असं लिहिलंय. ती सरासरी बहुतांशी वालुकाश्मातल्या प्रकल्पांची. आपल्याकडं विहीर खणलेल्या कुणालाही विचारा, खाली काय लागतं. वर मुरूम, मग काळा पाषाण, मधे कुठं लाल गेरूचा पट्टा, मग मांजऱ्या, परत पाषाण. लाव्हाचे थर एकावर एक. पाषाणात भेग गावली तर पाणी, नाहीतर छिन्नी मोडते. मांजऱ्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात खऱ्या, पण त्यातल्या कितीतरी पांढऱ्या झिओलाइटनं आणि कॅल्साइटनं भरून गेलेल्या. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आहे, पोकळ्या भरायला त्याला भरपूर सवड मिळाली.

बेसाल्टचं एक मोठं कौतुक आहे आणि ते रास्त आहे. त्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोहाशी कार्बन डायऑक्साइडची गाठ पडली की त्याचा दगड होतो. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ ला वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त खनिजरूप झाला. तुमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याच प्रकल्पाचा फोटो आहे. फोटोत जे दिसत नाही ते असं: तिथला बेसाल्ट तरुण आहे, सच्छिद्र आहे, आणि एक टन वायू विरघळवायला त्यांना साधारण २५ टन पाणी लागतं. आपल्या ४५ टनांना गुणा. दिवसाला सव्वाअकरा लाख लिटर. उन्हाळ्यात पंचगंगेवर उपसाबंदी लागते तेव्हा आम्ही रात्री-अपरात्री मोटारी बंद करायला धावतो, आणि डिस्टिलरी रोज सव्वाअकरा लाख लिटर जमिनीत ओतणार? कुठलं पाणी, कुणाच्या परवानगीनं, काय दरानं? इस्टिमेटमध्ये पाण्याची ओळच नाही.

पाण्याशिवाय, नुसता दाबलेला वायू बेसाल्टमध्ये सोडल्याचा प्रयोगही झालाय, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला इथं, २०१३ ला. एकूण सोडलेला वायू हजार टनांच्या किंचित आत. आपल्या डिस्टिलरीचा बावीस दिवसांचा माल! त्या प्रयोगातून शास्त्रज्ञ खूप शिकले. पण बावीस दिवसांच्या प्रयोगावरून वीस वर्षांचा प्रति टन दर काढायला छाती लागते, आणि ती आपल्या सल्लागाराकडं आहे असं दिसतंय.

नुसता वायू सोडायचा तर तो खाली दाबानं द्रवासारखा दाट व्हायला हवा. त्यासाठी साधारण ८०० मीटर खोली लागते. मग साधा प्रश्न: कारखान्याखाली बेसाल्ट ८०० मीटर जाड आहे का? कोयनेला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला. मधे वालुकाश्माचा थर नाही. आपल्या बाजूला, दख्खनच्या दक्षिण कडेकडं, बेसाल्ट पातळ होत जातो आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात त्याखालचे कलादगीचे जुने खडक वर डोकावतात. म्हणजे कारखान्याखाली नेमकं काय आणि किती, हे माहीत करून घेतल्याशिवाय विहिरीची खोलीसुद्धा लिहिता येत नाही. इस्टिमेटमध्ये खोली लिहिलेली आहे, मीटरपर्यंत नेमकी.

आणि खोली कळली तरी पुरत नाही. एक विहीर दिवसाला किती टन गिळते, यावर सगळं गणित फिरतं. शेजारशेजारच्या दोन थरांत पाणी जाऊ देण्याची ताकद दहापट, शंभरपट वेगळी असू शकते. विहिरीनं ४५ टन गिळले तर एक पुरे. पंधराच गिळले तर तीन विहिरी, तीन वेळा केसिंग, तीन वेळा सिमेंट. खर्च पाच टक्क्यांनी वाढत नसतो, असा वाढतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०२१ मध्ये देशभरातल्या बेसाल्टची साठवण क्षमता काढली तेव्हा ९७ ते ३१६ अब्ज टन असा पल्ला दिला. वरचा आकडा खालच्याच्या सव्वातीन पट. त्यांना नेमकेपणा जमत नव्हता असं नाही, त्यांना खडक माहीत होता.

चौथी तक्रार आटोपशीर. रोज ४५ टन, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १३,५०० टन. स्लाइपनरला पहिली बरीच वर्षं वर्षाला १० लाख टनांच्या घरात वायू जायचा. भूकंपलहरींचा सर्व्हे, तपासणीची विहीर, देखरेखीची उपकरणं यांचा खर्च वायू थोडा म्हणून थोडा होत नाही. इस्टिमेटनं मोठ्या प्रकल्पांचा प्रति टन दर उचलून आपल्या टनांनी गुणलाय. गुऱ्हाळाच्या खर्चाचा अंदाज कारखान्याच्या प्रति टन खर्चावरून काढण्यासारखं हे आहे. जिल्ह्यातल्या सात-आठ डिस्टिलऱ्यांनी मिळून एकच तपासणी केली तर गोष्ट वेगळी होईल. पण त्यासाठी चेअरमन मंडळींनी एका टेबलावर बसायला हवं, आणि ते किती अवघड आहे हे या जिल्ह्यात मी कुणाला सांगावं!

पाचवी तर हसू येण्यासारखी. उत्पन्नाच्या रकान्यात टनाला ८५ डॉलर धरलेत. ही अमेरिकन सरकारनं तिथल्या करदात्यांना दिलेली करसवलत आहे, त्यांच्या आयकर कायद्याच्या '४५ क्यू' कलमाखाली. ती करवीर तालुक्यात लागू होत नाही.

सहावी देखरेखीची. अमेरिकेत अशा विहिरीसाठी नियमात सहावा वर्गच वेगळा आहे आणि वायू सोडणं थांबल्यावर सर्वसाधारणपणे ५० वर्षं देखरेख धरलेली आहे, तीही आर्थिक हमीसकट. युरोपच्या २००९ च्या निर्देशानुसार जबाबदारी सरकारकडं जायची तर किमान २० वर्षं जावी लागतात, आणि पुढच्या ३० वर्षांच्या देखरेखीपुरते पैसे आधी भरावे लागतात. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षं. पंचवीस वर्षांनी विहिरीचं केसिंग गंजलं तर दुरुस्ती कोणाच्या बिलातून? हे मी भीती घालायला विचारत नाही. ज्या डेकॅटरचं उदाहरण मी वर कौतुकानं दिलं, तिथंच २०२४ ला देखरेखीच्या विहिरीत गळती आढळली आणि वायू सोडणं थांबवावं लागलं. लक्षात घ्या, गळती देखरेखीसाठी मारलेल्या विहिरीतून झाली. इस्टिमेटमध्ये अशी एकही विहीर नाही. आणि आपल्याकडं कोणत्या परवान्याखाली, कोणत्या खात्याच्या सहीनं ही विहीर मारणार आहात, तेही पानावर नाही. (विहिरीची जागा जिथं खुणेनं दाखवलीय तिथं २०१९ च्या पुरात किती पाणी होतं, हे गेटवरच्या वॉचमनला विचारलं तरी कळेल.)

शेवटची तक्रार नाजूक आहे, जपून लिहितो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आई सांगायची, मला गोधडीसकट उचलून ती अंगणात पळाली होती आणि चुलीवरच्या उतरंडीतली मडकी एकमेकांवर वाजत होती. जमिनीखालचा पाण्याचा दाब बदलला की आधीच ताणलेला खडक सरकू शकतो, हे जगानं ज्या ठिकाणांकडून शिकलं त्यांत कोयना ठळक. आपला कारखाना म्हणजे कोयना नव्हे आणि ४५ टन वायू म्हणजे कोयना धरणाचा शिवसागर जलाशय नव्हे. एवढ्याशा वायूनं भूकंप होईल असं मी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर मी त्याला खोडूनही काढीन. पण विहीर मारायच्या आधी वर्ष-दोन वर्षं बारीक हादरे मोजणारी यंत्रं बसवून नोंद ठेवावी लागेल. तिचा खर्च कुठं आहे? कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची खोल विवरांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, कोयनेचं तीन किलोमीटरचं भोक तिनंच हाताळलं. इथून गाडीनं दीड तास. सल्लागार अहमदाबादहून विमानानं आणला, हजारमाचीला एक पत्र टाकलं का?

आमच्या जिल्ह्यात मोठ्या कामाचा पैसा मधेच आटण्याचा अनुभव जुना आहे. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, काम अर्ध्यावर थांबलं आणि पुरं झालं ते महाराजांच्या पश्चात, स्वातंत्र्यानंतर. पण धरण अर्धं असलं तरी त्यात अर्धं पाणी साठतं. अर्ध्यावर सोडलेल्या विहिरीत काहीच साठत नाही, उलट ती सिमेंटनं बुजवायला वेगळे पैसे लागतात. म्हणून पैसे टप्प्यानं घालायचे आणि पहिल्या टप्प्यात सगळ्यात कमी.

आता मागण्या. फार नाहीत.

टनाला २५ रुपयांची कपात थांबवा. पहिल्या टप्प्याला, म्हणजे कागदोपत्री अभ्यासाला, इतके पैसे लागतच नाहीत, तो खर्च डिस्टिलरीच्या नफ्यातून होऊ शकतो. पुढच्या टप्प्यासाठी कधी कपात करावीच लागली तर ती परतीची ठेव म्हणून, व्याजासह, आणि सभासदाच्या लेखी संमतीनं.

सध्याचं इस्टिमेट मागं घ्या. त्याच्या जागी पाचही टप्प्यांचं, प्रत्येक ओळीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असलेलं, आणि प्रत्येक आकडा कशावरून काढला ते सांगणारं इस्टिमेट मराठीत करून प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लावा. ज्या ओळीचा आधार नाही तिथं 'आधार नाही' असं लिहा. त्यात काही कमीपणा नाही.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी 'पुढं जायचं की थांबायचं' हे सभासद ठरवतील, असा ठराव करा. 'थांबायचं' हे उत्तर आलं तर त्या टप्प्याचे पैसे वाया गेले असं कुणी म्हणायचं नाही. कोरडी बोअर तीनशे फुटांवर सोडणारा शहाणा.

जागेचा अभ्यास करणाऱ्या सल्लागाराला विहिरीचं कंत्राट मिळणार नाही, हे त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहा. सध्याच्या पानावर सल्लागाराची फी एकूण खर्चाच्या टक्क्यांत आहे. त्याला खर्च कमी दाखवून काम सुरू करण्यात फायदा, आणि पुढं खर्च वाढला तरी फायदा.

हा वायू विकायचा झाला तर काय मिळेल याची तीन कोटेशन मागवा. शीतपेयांना, ड्राय आइसला, वेल्डिंगला तो लागतो आणि देशातल्या कितीतरी डिस्टिलऱ्या तो बाटलीबंद करून विकतात. बाटलीतला वायू शेवटी हवेतच जातो, साठवणुकीची बरोबरी त्याला नाही, हे मला माहीत आहे. तरी तुलनेला तो आकडा शेजारी हवा.

शेजारच्या कारखान्यांना एकत्रित तपासणीसाठी पत्र पाठवा. उत्तर आलं नाही तर तेही फळ्यावर लावा.

आणि या एकाच विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. मागच्या रांगेतही एक माइक ठेवा.

इस्टिमेटचा कोरा तक्ता मी करून देतो, फी नाही. येत्या सोमवारी सकाळी अकराला शेती ऑफिसात येऊन आवक-जावकला या पत्राची प्रत देणार आहे, पोच द्यावी. उत्तर हंगामाचं पहिलं बिल निघायच्या आत हवं आहे, कारण कपात सुरू होईल ती त्या बिलापासून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
ता. करवीर, जि. कोल्हापूर